रेल्वेने रानात: डहाणू-तलासरीच्या पायवाटा

चर्चगेटपासून १२४ किलोमीटरांवर, उपनगरी लोकलच्या साध्या तिकिटावर जेथवर जाता येते अशा अंतरात, साग-ऐनाची पानझडी वने, कमरेइतक्या गवताचे माळ, ताडांच्या रांगा आणि डोंगराच्या कुशीत विसावलेले वारल्यांचे पाडे अजून आपापल्या जागी आहेत, ही गोष्ट मुंबई-ठाण्याच्या वाचकास अगदीच अपरिचित नसते. परंतु स्वतःची मोटार असल्याखेरीज त्या मुलखात पाऊल टाकता येणार नाही, असा एक समज त्याच्या मनात घर करून बसलेला असतो, आणि त्या समजापायी वर्षांमागून वर्षे जातात व डहाणूची ओळख चिकूच्या करंडीपलीकडे सरकत नाही. हा समज दूर व्हावा, आणि धडधाकट पाय, पाण्याच्या दोन बाटल्या व पहाटे उठण्याची तयारी एवढेच ज्याचे भांडवल आहे त्यालाही या रानात नीट जाऊन नीट परत येता यावे, एवढ्या हेतूने या सूचना लिहिल्या आहेत.

माझे तर असे स्पष्ट मत आहे की, या दोन तालुक्यांत हिंडण्यासाठी लोकल आणि एसटी यांच्याइतके उत्तम साधन दुसरे नाही. मोटारीने जाणाऱ्याला मोटार जेथे उभी केली तेथेच परत यावे लागते, म्हणून त्याची पायपीट ही जाऊन-येऊन एकाच वाटेची होते. एसटीने जाणारा मात्र एका रस्त्यावर उतरतो, मधला डोंगर किंवा माळ ओलांडतो आणि दुसऱ्याच रस्त्यावरची गाडी पकडून परततो, त्यामुळे त्याला प्रदेशाचा संपूर्ण आडवा छेद पाहावयास मिळतो. शिवाय त्याच गाडीत शेजारच्या बाकावर त्या डोंगराखालचा माणूस बसलेला असतो, आणि कोणत्याही छापील नकाशात न सापडणारी वाट तो दोन वाक्यांत सांगून जातो.

रान आणि माळ

या मुलखाचे रूप समजण्यासाठी दोन शब्द आधी मनात पक्के करावेत. रान म्हणजे डोंगरउतारावरचे पानझडी वन: साग, ऐन, खैर, धामण, शिवण, बिबळा, कळंब, हेद, कुडा, आणि जागोजाग मोह व पळस. माळ म्हणजे भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली मुरमाड, उंचसखल जमीन, जिला महसुली दप्तरात ‘वरकस’ म्हणतात. तीवर नागली-वरई पिकते, उरलेल्या भागावर गवत माजते, आणि एखादा ताड, एखादी शिंदी, एखादा एकाकी मोह तेवढा उभा असतो. नवख्याची दृष्टी रानाकडे जाते व माळ त्याला ओसाड वाटतो. वस्तुतः या तालुक्यांचा इतिहास रानापेक्षा माळावरच अधिक घडलेला आहे.

१८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा लोहमार्ग मुंबईपर्यंत पोचला, आणि तेव्हापासून पुढची कित्येक दशके येथला साग वासे-तुळ्यांच्या रूपाने आणि माळावरचे गवत गठ्ठ्यांच्या रूपाने त्याच मार्गाने मुंबईकडे वाहत राहिले. गवत वारली कापीत, व्यापारी ते दाबून त्याच्या गाठी बांधीत आणि शहरातील गुराढोरांच्या दावणीला ते जाऊन पडे; कापणाऱ्याच्या पदरात मात्र त्यातले नाममात्र पडे. १९४५ च्या मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात मोडणाऱ्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली व वेठबिगारीविरुद्ध चळवळ उभी राहिली. त्यानंतरच्या हंगामात त्यांनी मागितलेला गवतकापणीचा दर होता पाचशे रतलांस अडीच रुपये. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत आहे, आणि ते वाचून मग या माळावर चालावे अशी माझी प्रत्येकास आग्रहाची विनंती आहे. कारण गवत कशाला म्हणतात हे त्यानंतरच कळते.

रान टिकून राहिले यालाही कारण आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमावरून तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, ज्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मधील त्यांच्या निधनापर्यंत सांभाळले. पांथस्थाने हे ध्यानात ठेवावे की ज्या सावलीतून तो चालतो आहे ती आपोआप उरलेली नाही. कोणीतरी अर्ज केले, कोणीतरी सुनावण्या घेतल्या, म्हणून ती उरली आहे.

जावे कसे

एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूरोडपर्यंत धावते. चर्चगेटहून थेट गाड्या मोजक्या आहेत; इतर वेळी विरारला गाडी बदलावी. चर्चगेट ते डहाणूरोड हा सुमारे तीन तासांचा प्रवास धरून चालावे, म्हणजे हिशेब चुकत नाही. डहाणूरोडच्या पुढे घोलवड, बोर्डी रोड व उंबरगाव रोड या स्थानकांवर लोकल जात नाही; तेथे मेमू आणि पॅसेंजर गाड्या थांबतात, त्यांची संख्या थोडी आहे, आणि म्हणून परतीची गाडी कोणती हे जातानाच तिकीट-खिडकीवर विचारून घ्यावे.

स्थानकाबाहेरून एसटी व सामायिक रिक्षा मिळतात. डहाणू आगाराच्या गाड्या एकीकडे किनाऱ्याने बोर्डीकडे, दुसरीकडे आशागड-गंजाडवरून चारोटी, कासा व जव्हारकडे, आणि तिसरीकडे तलासरीकडे जातात. एसटीच्या या ग्रामीण फेऱ्या शाळा, कचेरी आणि आठवडी बाजार यांच्या वेळांना बांधलेल्या असतात, हे ज्याला कळले त्याला अर्धे वेळापत्रक कळले. शाळेला सुट्टी लागली की काही फेऱ्या बंद होतात. बाजाराच्या दिवशी गाडी भरून येते व पाड्यावरचा थांबा न घेता निघून जाण्याचा संभव असतो. काही गावी रात्री मुक्कामी गाडी येते आणि पहाटे तीच परत फिरते. अशी मुक्कामी गाडी ज्या गावाला आहे तेथे संध्याकाळी पोचता येते, पण त्याच संध्याकाळी परतता येत नाही. सबब उतरताना वाहकाला एकच प्रश्न न चुकता विचारावा: ‘परतीची शेवटची गाडी किती वाजता आणि ती कोठून सुटते?’ आणि जे उत्तर मिळेल त्याच्या आधीची गाडी आपली मानावी. शेवटची गाडी ही जगबुडीसाठी राखून ठेवावयाची असते.

तिकिटाच्या दृष्टीने सांगण्यासारखे एवढे की, राज्याच्या एसटीत स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन जाण्यास याहून चांगले निमित्त कोणते?

पाच वाटा

पहिली वाट अगदी नवशिक्यासाठी: कोसबाडची टेकडी ते घोलवड. डहाणूहून एसटीने किंवा रिक्षाने कोसबाडला वर जावे आणि पायी खाली उतरत घोलवड स्थानक गाठावे. रमतगमत ही दोन तासांची चाल आहे. टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र आहे. १९४५ साली बोर्डीस सुरू झालेले हे काम पुढे टेकडीवर आले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोन बायकांनी शाळाच गुरांमागे माळावर नेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. ज्या माळावरून आपण उतरतो तो माळ एका काळी वर्ग होता, ही जाणीव पावलांना वेगळेच गांभीर्य देते. उताराच्या खालच्या टप्प्यात चिकूच्या वाड्या लागतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तथापि वाडी ही कोणाची तरी खासगी मालमत्ता आहे, तेव्हा कुंपणाबाहेरचीच वाट धरावी आणि चिकू विकतच घ्यावा.

दुसरी वाट बारडच्या डोंगराची, ज्याच्या माथ्याजवळ बाहरोटची लेणी आहेत. बोर्डीपर्यंत गाडीने, तेथून असावलीपर्यंत रिक्षाने जावे, व असावलीच्या धरणाच्या बाजूने गावकऱ्याला विचारीत चढावे. डोंगर सुमारे दीड हजार फूट उंच आहे; सावकाश चढणाऱ्याला जाऊन-येऊन चार-पाच तास लागतात. संजाण ही आपली वस्ती पडल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी येथे आणून बारा वर्षे जपला, आणि त्यानंतर तो वांसदे येथे नेला, असे सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’ या पर्शियन काव्यात सांगितले आहे. तोच अग्नी अनेक मुक्कामांनंतर आज उदवाड्यास आहे. चढताना सागाचे रान हळूहळू विरळ होते व माथ्यावर केवळ गवत उरते. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेस समुद्राची रेघ दिसते. पारशी बांधवांच्या दृष्टीने हे तीर्थस्थान आहे, म्हणून लेण्यांत चूल मांडणे, नावे कोरणे, मोठ्याने गाणी लावणे या गोष्टी मनातही आणू नयेत.

तिसरी वाट गंजाड आणि महालक्ष्मी यांची. डहाणूहून जव्हारच्या रस्त्याने निघालेली एसटी गंजाडवरून जाते. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे गंजाडच्याच एका पाड्यावर राहिले; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. येथे उतरून पाड्यापाड्यांतून तास-दोन तास चालावे व पुढच्या गाडीने चारोटीला जावे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून थोड्या अंतरावर विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्र पौर्णिमेपासून येथे सुमारे पंधरवडाभर यात्रा भरते आणि पौर्णिमेच्या मध्यरात्री वरच्या डोंगरावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याकडे असतो. यात्रेच्या दिवसांत एसटीच्या गाड्या मुबलक असतात, परंतु गर्दी अपार असते. ज्याला रान पाहावयाचे आहे त्याने यात्रा टाळून मार्गशीर्ष-पौषात जावे. वरच्या देवळापर्यंतची चढण कष्टाची पण निर्धोक आहे. त्यावरचा उघडा सुळका मात्र प्रस्तरारोहणाचे शिक्षण घेतलेल्यांचा विषय आहे. इतरांनी तो खालूनच पाहावा.

चौथी वाट तलासरीच्या माळाची, आणि मला सर्वांत प्रिय. १९६० साली राज्याची वाटणी होताना उंबरगाव गुजरातेत गेले व तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. त्यामुळे हा तालुका सरहद्दीचा, आणि येथील पाड्यांवर मराठी, गुजराती व वारली अशा तीन बोलींचा संचार आहे. महामार्गावर दापचरीला उतरून वरोली नदीवरच्या कुर्झे धरणाच्या दिशेने चालावे. मुंबईतील गुरांचे गोठे शहराबाहेर हलवावेत या हेतूने दापचरीला मोठा दुग्धप्रकल्प उभारण्यात आला होता. तो पुढे ओसरला, आणि आता त्या विस्तीर्ण कुरणांवरून वारा तेवढा मोकळा फिरतो. ज्या माळावरचे गवत मुंबईच्या गुरांसाठी आगगाडीने जात असे, त्याच माळावर मुंबईची गुरेच आणण्याचा हा बेत होता, हे लक्षात घेतले म्हणजे भूमीचा आणि शहराचा संबंध किती जुना आहे ते ध्यानी येते. येथे सावली थोडी आहे, म्हणून सकाळी दहाच्या आत माळ ओलांडून नदीकाठच्या झाडीत शिरावे. महामार्गावरून चालत जाण्याचा प्रसंग मात्र कटाक्षाने टाळावा, कारण अवजड वाहनांच्या त्या ओघात पादचाऱ्यासाठी जागा ठेवलेली नाही.

पाचवी वाट अनुभवी मंडळींसाठी: गंभीरगड. कासा येथून सायवनच्या रस्त्याने व्याहाळीपर्यंत जावे लागते, गाड्या विरळ आहेत, चढण दाट रानातून आहे आणि वाटा फुटतात. येथे व्याहाळीतील वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय चढू नये, आणि त्याचा मेहनताना निघण्यापूर्वीच मोकळेपणाने ठरवावा. एका दिवसात हे साधत नाही असे वाटले तर आदल्या रात्री कासा किंवा डहाणूला मुक्काम करावा.

ज्यांचे गुडघे चढणीस राजी नाहीत त्यांनी किनारा धरावा: डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या क्रमाने सुरूच्या बनांच्या कडेने हवे तेवढे चालता येते व कोठूनही रस्त्यावर येऊन गाडी पकडता येते. पुळणीवरून चालावयाचे तर ओहोटी पाहून निघावे. कोळ्यांचा जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीच्या अंकाला तिनाने गुणून चाराने भागावे, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची अदमासे वेळ, आणि तिच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. षष्ठी असेल तर साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास पाणी सर्वांत दूर; त्याआधी दोन तास निघालात तर ओल्या, घट्ट वाळूवरून पाय न रुतता चालता येते.

ऋतू कोणता

पावसाळ्यात हा मुलूख डोळ्यांचे पारणे फेडतो, पण ओढे घटकेत फुगतात आणि आदल्या तासाला गुडघाभर असलेले पाणी परतताना छातीला लागते. म्हणून आषाढ-श्रावणात ओढा ओलांडावा लागणारी एकही वाट घेऊ नये. भाद्रपदापासून भात पोटरीला येते, आणि पीक तयार होऊ लागले की तारपा हे वारल्यांचे फुंकवाद्य वाजू लागते. संध्याकाळच्या मुक्कामाला असाल तर दूरच्या पाड्यावरून त्याचा घुमणारा स्वर ऐकू येतो. कार्तिकात गवत वाळते व त्याला कुसळ धरते. मार्गशीर्ष ते माघ हे तीन महिने सर्वोत्तम. फाल्गुनात साग-ऐन निष्पर्ण होतात, डोंगरांचे सांगाडे उघडे पडतात, आणि त्या करड्या पसाऱ्यात पळस, पांगारा व काटेसावर पेटल्यासारखे फुलतात. चैत्र-वैशाखात ऊन अंगावर येते. तेव्हा उजाडताना चालू लागावे आणि दहाच्या आत सावली धरावी.

याच चैत्रात एक गोष्ट मुद्दाम जवळून पाहावी. मोहाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात. जाड पाकळ्यांची, पिवळसर पांढरी, द्राक्षासारखी रसरशीत ती फुले झाडाखालच्या झाडून ठेवलेल्या जमिनीवर पसरलेली असतात, वास गोड आणि किंचित आंबूस असतो, आणि दिवस वर येण्याच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन ती एकेक करून वेचतात. ते त्या घराचे उत्पन्न आहे. त्या साफ केलेल्या वर्तुळात पाय ठेवू नये. बाजूने जावे, आणि वेचणाऱ्या मावशीला राम राम करून वाट विचारावी.

तसेच, वाटेत ज्याच्या फांद्या छाटून नुसता खांब उरला आहे असा ऐन दिसला, की पांथस्थाला वाटते कोणीतरी झाडाची नासाडी केली. तसे नसते. त्या फांद्या शेतात अंथरून उन्हाळ्यात भाजतात, त्याला राब म्हणतात, आणि त्या राखेवर भात-नागलीची रोपे तरारतात. पावसाळ्यात तोच ऐन पुन्हा पालवतो. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल हाताने चाचपून पाहावी, आणि मग सागाचे कोवळे पान चुरडून बोटांना लागणारा तांबडा रंग पाहावा. ही दोन झाडे अशी एकदा ओळखीची झाली की निम्मे रान ओळखीचे झाले.

रानातील रीत

डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने येथील अनेक कुटुंबांचे व ग्रामसभांचे वनावरील हक्क मान्य झालेले आहेत. तेव्हा पाड्यावर विचारून पुढे जाणे ही केवळ सभ्यता नव्हे. ज्याचे घर त्याची परवानगी घेणे आहे. राखीव वनात शिरावयाचे असेल तर वनरक्षकास सांगून जावे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. वाळलेल्या गवतात विडीचे एक थोटूक अख्खा माळ भस्म करू शकते, म्हणून चहासाठीही चूल पेटवू नये.

वाटेच्या कडेला, बहुधा एखाद्या जुन्या झाडाखाली, शेंदूर माखलेला दगड किंवा लाकडाचा पाट दिसेल. त्यावर वाघ कोरलेला असतो, वर चंद्र-सूर्य असतात. तो वाघोबा. आश्विनातील वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि बिबट्याचा वावर असलेल्या या रानात माणूस व जनावर यांनी एकमेकांची हद्द राखून राहावे, असा त्या श्रद्धेचा अर्थ आहे. त्याला हात लावू नये, त्यावर बसू नये, त्याच्यापुढील नारळ-सुपारी हलवू नये. बिबट्या सहसा माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. तथापि संध्याकाळी लहान मुलांना पुढे-मागे एकटे सोडू नये आणि अंधारात रानातून चालू नये.

छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, विशेषतः बायकांचे आणि घराच्या आतील भिंतीचे. लग्नातला चौक तांदळाच्या पिठाने सवाशिणी लिहितात आणि त्यात पालघट देवी बसवितात. ते देवघर आहे, प्रदर्शन नव्हे. चित्र विकत घ्यावयाचे तर काढणाऱ्याच्या हातूनच घ्यावे. मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटीत जाऊ नये. त्याने मुलांना हात पसरण्याची सवय लागते आणि वेष्टने रानभर होतात.

शिदोरी, पोशाख व धोके

माणशी तीन लिटर पाणी हवेच. उन्हाळ्यात पाड्यावरच्या विहिरी तळाला जातात, आणि तेथील बाईने दूरवरून डोक्यावर आणलेला हंडा आपण रिता करणे शोभत नाही. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी ही शिदोरी टिकाऊ आहे व तिचा कचरा होत नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, जाड कापडाची विजार आणि घोटा झाकणारे बूट घालावेत. पहिल्यांदा मी कार्तिकात या माळावर गेलो तेव्हा शहरी पातळ मोजे घालून गेलो होतो. अर्ध्या तासात कुसळांनी ते शिवून टाकल्यासारखे झाले आणि प्रत्येक पावलाला सुया टोचू लागल्या. तेव्हापासून जाड मोजे व त्यावर कापडी पट्ट्या हा माझा नेम आहे.

खाजकुयलीच्या मखमली शेंगांना चुकूनही हात लावू नये. त्यांची लव अंगाला लागली तर खाजवू नये, कोरड्या मातीने किंवा शेणाने ती पुसून काढावी. पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या फांद्यांखालून वाकून जावे. घोणस, फुरसे व मण्यार हे विषारी साप येथे आहेत. हातात काठी ठेवावी, पाचोळ्यात पाऊल टाकण्यापूर्वी ती आपटावी, आणि दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव हलू न देता रुग्णाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व तलासरीच्या परिसरात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आलेले आहेत. भय बाळगण्याचे कारण नाही, परंतु विश्रांतीला सुट्या दगडांच्या कड्याखाली किंवा लेण्याच्या तोंडाशी न बसता मोकळ्या जागी बसावे. भ्रमणध्वनीला रानात सर्वत्र संपर्क मिळत नाही. कोठे चाललो आणि कोणत्या गाडीने परतणार हे घरी सांगून, कागदावर लिहून ठेवून निघावे.

परतताना

आता एवढेच सांगावयाचे उरले. संध्याकाळी डहाणूरोडच्या फलाटावर लोकलची वाट पाहत बाकावर बसावे, बूट काढावेत आणि मोज्यांत रुतलेली कुसळे एकेक करून उपसावीत. हे काम सावकाश करण्यासारखे आहे. शंभर वर्षांपूर्वी याच लोहमार्गाने या माळाचे गवत गाठी बांधून शहराकडे गेले, साग गेला, आणि ते कापणाऱ्याच्या हाती काही उरले नाही. आपण त्याच मार्गाने आलो आहोत. येताना आपण मोकळ्या हातांनी आलो, गाडीचे भाडे भरले, वाटाड्याचा मेहनताना दिला, चिकू विकत घेतले, वाट विचारली आणि ती आपल्याला सांगितली गेली. रानातून काही न्यावयाचे नाही, ही सूचना मी वर कोठेही स्वतंत्रपणे लिहिली नाही, कारण ती साऱ्याच सूचनांच्या पोटात आहे. मोज्यातली कुसळे तेवढी तेथेच, रुळांच्या कडेच्या मातीत टाकावीत. त्यांना बीज असते. मृगाचा पाऊस पडला की ती जेथे पडली तेथे उगवतील, आणि तो माळ पुन्हा आपल्या पायांखाली असेल.